बखरीतील जखमा : वीरकथनातील प्राणघातक आघातांचे वैद्यकीय वास्तव

१

इ. स. १६५९ च्या उत्तरार्धात शिवाजी महाराज अफझलखानाच्या स्वारीत गुंतले असता जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान याने तळा येथील किल्ल्यास वेढा घातला. खानाचा शेवट झाल्याची वार्ता येताच त्याने घाईने वेढा उठविला, असे ग्रँट डफने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. तळगडाच्या दृष्टीने प्रतापगडाच्या पायथ्याशी घडलेल्या प्रसंगाचे महत्त्व एवढेच होते की, खान मेला. तो कसा मेला, कोणत्या शस्त्राने मेला, जखम झाल्यावर किती वेळ जगला, यांपैकी एकही प्रश्न वेढा घालणाऱ्यास किंवा गडावरील शिबंदीस पडण्याचे कारण नव्हते. बातमीला मृत्यू पुरतो. कथेला मात्र जखम लागते. मृत्यूची वार्ता कथेत उतरली की तिला शस्त्र, अवयव, रक्त आणि काळ हे चारही घटक चिकटतात, आणि येथूनच समीक्षकाचे काम सुरू होते.

मराठीतील वीरकथनाची परंपरा मोठी आहे. बखर, पोवाडा, ऐतिहासिक नाटक, ऐतिहासिक कादंबरी आणि अलीकडे चित्रपट या सर्व प्रकारांत तेच चार-पाच मृत्यू पुनःपुन्हा वर्णिले गेले आहेत. त्यांची ऐतिहासिक चिकित्सा पुष्कळ झाली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी झडती घेतली, तेव्हापासून बखर हे अविश्वसनीय साधन होय, असा समज अभ्यासकांत रुजला. तारखा, संख्या आणि नामनिर्देश यांच्यापुरता तो समज बव्हंशी योग्य आहे. परंतु जखमी देहाच्या वर्णनाबाबतही तो तसाच लागू पडतो काय, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९४ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेली बखर या परीक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवली आहे.

२

प्रथम कसोटी निश्चित केली पाहिजे. सामान्य वाचक ‘प्राणघातक जखम’ या शब्दाने एकच गोष्ट समजतो. वैद्यकाच्या दृष्टीने येथे दोन भिन्न गोष्टी आहेत. जी जखम माणसाचा पुढे-मागे प्राण घेते ती प्राणघातक. जी त्याला तत्क्षणी लढण्यास असमर्थ करते ती निकामी करणारी. या दोन नेहमी एकत्र येतातच असे नाही. मनगटाचा कंडरा तुटलेला मनुष्य तलवार धरू शकत नाही, पण तो पुढे वर्षानुवर्षे जगू शकतो. उलट हृदयावर वार बसलेला मनुष्यही मेंदूतील प्राणवायू संपेपर्यंत दहा-पंधरा सेकंद हालचाल करू शकतो, आणि तेवढ्या अवधीत तो प्रतिस्पर्ध्यावर वार करू शकतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील सातवा हिस्सा गेला तरी निरोगी तरुणात फारशी लक्षणे दिसत नाहीत. तीस ते चाळीस टक्के गेले की रक्तदाब उतरतो, बुद्धी भ्रमते. चाळीस टक्क्यांपलीकडे स्राव त्वरित थांबवून भरपाई न झाली तर मृत्यू समीप असतो. मांडीची मोठी धमनी तुटली तर हा प्रवास काही मिनिटांत संपतो. पोटात भोसकले असता तो कित्येक तास अथवा दिवसही चालतो.

ही दृष्टी केवळ पाश्चात्त्य वैद्यकाची आहे असे मानण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेत सद्योव्रणांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्छित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. त्याहून आपल्या विषयास उपकारक म्हणजे १०७ मर्मांचे परिणामानुसार केलेले वर्गीकरण : सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ आणि रुजाकर ८. येथे वर्गीकरणाचे तत्त्व मुख्यतः काळ हे आहे. ‘सद्यः’ म्हणजे सात दिवसांच्या आत आणि ‘कालांतर’ म्हणजे पंधरवडा ते महिना, अशी मर्यादाही दिली आहे. ज्याला आपण ‘तत्काळ’ म्हणतो त्यालाही प्राचीन शल्यतंत्राने सात दिवसांची मुदत दिली, ही गोष्ट कादंबरीकारांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विशल्यघ्न मर्मांची कल्पना तर अधिकच सूक्ष्म आहे. शल्य आत आहे तोवर मनुष्य जगतो, ते उपटले की मरतो. रुतलेले शस्त्र स्वतःच वाहिनीचे तोंड दाबून धरते, हे आजच्या शल्यचिकित्सकालाही मान्य आहे.

यांवरून वीरकथनाला विचारावयाचे प्रश्न तीन ठरतात. जखम कोठे झाली? तिने माणसाला निकामी केले की केवळ मरणोन्मुख केले? आणि जखम व मृत्यू यांच्या दरम्यान लेखकाने किती काळ मानला?

३

अफझलखानाचा मृत्यू प्रथम घेऊ. लोकांच्या मनात या प्रसंगाचे जे चित्र आहे त्यात वाघनखांच्या एका झटक्याने खानाचा कोथळा बाहेर पडतो आणि खान कोसळतो. शाहिरी, नाटक, चित्रकला आणि शालेय पुस्तके यांनी हे चित्र इतके दृढ केले आहे की, मूळ कथनात काय आहे हे पाहण्याची गरज कोणास वाटत नाही.

सभासदाचे वर्णन याहून पुष्कळ निराळे आहे. त्याच्या मते खानाच्या अंगात केवळ झगा होता. वाघनखांचा मारा होताच खानाची चरबी बाहेर आली. नंतर दुसऱ्या हातातील बिचव्याचा वार झाला. आणि महाराज मान सोडवून चौथऱ्याखाली निघून गेले. खान त्यानंतर ओरडतो, दगा झाल्याचे सांगतो, मदतीस हाका मारतो. भोई त्याला पालखीत घालून चालू लागतात. संभाजी कावजी भोयांचे पाय तोडून पालखी पाडतो आणि खानाचे डोके कापतो.

या वर्णनात ‘चरबी’ हा शब्द विशेष विचार करण्यासारखा आहे. उदरात आतड्यांच्या पुढे चरबीने भरलेला एक पडदा पसरलेला असतो. त्यास वपा म्हणतात. स्थूल माणसात तो जाड असतो. पोटाच्या भिंतीस अरुंद पण आरपार जखम झाली असता पुष्कळदा प्रथम बाहेर डोकावतो तो हाच. आतडी बाहेर येण्यास बहुधा छेद बराच लांब असावा लागतो. शिवाय वपेखेरीज कातडीखालची चरबीही अशा जखमेत उघडी पडते. वाघनख हे तर आखूड, वाकड्या नखांचे हत्यार. ते ओरबाडते, फाडते, पण खोल शिरत नाही. अशा शस्त्राने अशा देहावर झालेल्या जखमेत चरबी दिसावी, हे शरीररचनेच्या दृष्टीने बरोबर त्या जागी बसते. सुश्रुताने चिकित्सास्थानात पोटातून बाहेर आलेल्या मेदाच्या वातीचा स्वतंत्र विचार केला आहे. तिच्यावर भस्म व माती भुरभुरवावी, दोऱ्याने बांधावी आणि तापविलेल्या शस्त्राने कापावी, असा विधी त्याने दिला आहे. म्हणजे सभासदाने नोंदलेले चिन्ह शल्यतंत्राला परिचित होते, आणि ते साध्य मानले जात असे.

यातून दुसरी गोष्ट निघते. खान ओरडू शकला, पालखीपर्यंत जाऊ शकला, हा तपशील कथानक लांबविण्यासाठी घातलेला नाही. उदराच्या जखमेचे ते स्वाभाविक वर्तन आहे. पोटात मोठी रक्तवाहिनी तुटली नसेल तर मनुष्य शुद्धीवर राहतो. पुढे तो दगावतो तो अंतर्गत रक्तस्रावाने किंवा, आतडे फाटले असल्यास, काही दिवसांनी पर्युदरशोथाने. शस्त्रक्रिया आणि जंतुनाशके नसलेल्या काळात अशी जखम बहुधा प्राणघातक ठरे. परंतु ती निकामी करणारी असेलच असे नव्हे. बखरकाराने हा भेद शास्त्र म्हणून सांगितलेला नाही, तरी कथनात तो अचूक पाळला आहे. खानाचा मृत्यू निश्चित झाला तो शिरच्छेदाने. संभाजी कावजीची कृती ही कथेची पुरवणी नसून तिचा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असा शेवट आहे. कोथळ्याचे चित्र स्वीकारणाऱ्या उत्तरकालीन कथनात मात्र संभाजी कावजीला करण्यासारखे काही उरत नाही. एका शब्दाच्या बदलाने एक माणूस कथेतून पुसट होतो.

४

दुसरे उदाहरण ४ फेब्रुवारी १६७० रोजीच्या कोंढाण्यावरील युद्धाचे. सभासदाने तानाजी मालुसरे आणि उदेभान यांचे द्वंद्व थोडक्यात दिले आहे. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर हाती आली नाही. त्याने डाव्या हाताची ढाल केली, त्यावर वार झेलीत लढला, आणि दोघेही ठार झाले.

न्यायवैद्यकात ज्यांना प्रतिकारजन्य जखमा म्हणतात, त्या बव्हंशी हाताच्या पंजावर आणि कोपराखालील भागावर आढळतात. डोक्यावर येणारा वार माणूस प्रथम तेथेच झेलतो. तेथील दोन धमन्या तुटल्या तर रक्तस्राव भयंकर होतो, पण मृत्यू त्याच क्षणी येत नाही. अशा स्थितीत तलवारीचा उजवा हात चालत राहणे पूर्णतः शक्य आहे. दोघांचाही एकाच झुंजीत अंत व्हावा हा योगायोग वाटतो. वस्तुतः ते समबळ द्वंद्वाचे अत्यंत संभवनीय पर्यवसान आहे. प्राणघातक वार बसलेला मनुष्य काही क्षण समर्थ राहतो, आणि ज्याने वार केला तो त्या क्षणी जवळ व उघडा असतो. ‘दोघे पडले’ या दोन शब्दांत सभासदाने शस्त्रयुद्धाचे एक कठोर सत्य सांगितले आहे.

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात हीच घटना वेगळ्या अंगाने येते. तेथे चंद्रावळी हत्ती आहे, सिद्दी हिलाल आहे, आणि तानाजीच्या पश्चात उदेभानाचा समाचार घेणारा ऐंशी वर्षांचा शेलारमामा आहे. बखरीतील एक क्षण पोवाड्याने दोन भागांत तोडला. याचे कारण उघड आहे. एकाच वेळी झालेल्या दोन मृत्यूंत सूड नसतो. श्रोत्यांना सूड हवा असतो. त्यासाठी नायकाला आधी मारावे लागते आणि खलनायकाला मागे ठेवावे लागते. पोवाड्यास आम्ही दोष देत नाही. डफाच्या तालावर रात्र जागविणाऱ्या श्रोतृवृंदाशी शाहिराने जो करार केलेला असतो, त्यात हत्तीही येतो आणि ऐंशी वर्षांचा योद्धाही येतो. प्रश्न उद्भवतो तो त्या रचनेचा तपशील जेव्हा तारखा-पुराव्यांनिशी लिहिलेल्या कादंबरीत इतिहास म्हणून उतरतो तेव्हा.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. फ्रोलिख या जर्मन लष्करी वैद्याने १८७९ साली होमरच्या ‘इलियड’मधील जखमांची मोजणी केली. त्याच्या हिशेबाने १४७ जखमांपैकी ११४ प्राणघातक होत्या. भाल्याच्या १०६, तलवारीच्या १७, बाणांच्या १२ आणि गोफणगुंड्यांच्या व दगडांच्या १२. तलवारीच्या सतराही जखमा मारक ठरल्या. बाणांच्या मात्र निम्म्याहून कमी. ही आकडेवारी ग्रीक युद्धाची नसून ग्रीक काव्यसंकेतांची आहे, हे विसरता कामा नये. तलवार समोरासमोर चालते आणि समोरासमोरचा सामना कवीला निर्णायक हवा असतो. मराठी बखरी आणि पोवाडे यांची अशीच स्वतंत्र मोजणी एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय म्हणून घेण्यासारखी आहे. शस्त्र, अवयव आणि मृत्यूपर्यंतचा काळ असे तीन रकाने त्यासाठी पुरेसे होतील.

५

मुरारबाजी देशपांडे यांच्या मृत्यूत काव्यसंकेताचे आक्रमण सर्वांत स्पष्ट दिसते. १६६५ साली पुरंदरच्या वेढ्यात त्यांनी दिलेरखानाच्या फौजेवर छापा घातला. खानाने त्यांचे शौर्य पाहून कौल देऊ केला, त्यांनी तो नाकारला, आणि खानाने तीर मारून त्यांना ठार केले, असे सभासद सांगतो. लोककथेत मात्र शिर तुटल्यावरही त्यांचे धड लढत राहते.

शिरावेगळे धड लढणे ही कल्पना फार जुनी आहे. महाभारताच्या रणभूमीवर कबंधे नाचतात, आणि राजस्थानापासून कोकणापर्यंतच्या वीरगळांभोवती अशा कथा सांगितल्या जातात. शिरच्छेदानंतर मेंदूचा रक्तपुरवठा तत्क्षणी तुटतो व शुद्ध काही सेकंदांत जाते. मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेने हातपाय झटके देऊ शकतात. परंतु तोल सांभाळून उभे राहणे आणि नेम धरून वार करणे या क्रिया मेंदूवाचून संभवत नाहीत. पाहणाऱ्याने झटके पाहिले आणि कवीने त्यांना हेतू दिला, असे याचे स्पष्टीकरण करता येईल. ‘कबंध’ हे म्हणूनच जखमेचे वर्णन नव्हे. ते मृताच्या निश्चयाचे रूपक आहे. रूपक म्हणून ते उत्तम आहे. पण सभासदाच्या साध्या बाणाशेजारी ठेवले असता त्याची किंमत लक्षात येते. मुरारबाजींच्या कथेतील खरा ताण कौल नाकारण्यात आहे. जिवंत माणसाने, मृत्यू समोर पाहून, नकार दिला. धड लढविल्याने हा नकार झाकोळला जातो. जे इच्छेने झाले ते चमत्काराने झाल्यासारखे भासते.

६

वीरकथनातील आणखी एक संकेत म्हणजे मरणोन्मुख वीराचे भाषण. बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे गोळी लागून पडले. भाऊसाहेबांच्या बखरीत कुतुबशहाचा प्रश्न आणि दत्ताजींचे उत्तर आले आहे. ते सर्वांस ठाऊक असल्याने येथे देण्याचे प्रयोजन नाही. त्या उत्तराची लांबी तेवढी पाहावी. ते एका श्वासात संपते. रक्त गमावलेल्या माणसाचा श्वास जलद व उथळ होतो, जीभ कोरडी पडते, वाक्ये तुटतात. संवाद शब्दशः खरा असो वा नसो, बखरकाराने जखमी छातीला जेवढे पेलेल तेवढेच बोलायला लावले. कादंबरीत आणि रंगभूमीवर याच जागी पानभर उपदेश, निरवानिरव आणि भविष्यकथन येते. तेथे लेखक पात्राच्या फुप्फुसांतून स्वतःचा श्वास घेत असतो.

बाजीप्रभूंचा प्रसंग वरकरणी याच संकेताचा वाटतो. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत जखमांनी जर्जर झालेले बाजीप्रभू विशाळगडावरील तोफांचे आवाज कानी येईपर्यंत प्राण धरून राहिले, ही परंपरा अनेकांना केवळ भावुक वाटते. वैद्यकाचे मत येथे परंपरेच्या बाजूने पडते. तरुण व कसलेल्या शरीरात रक्तस्राव होत असता रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय वेगाने चालते, आणि मनुष्य बराच काळ उभा राहतो. भरपाईची ही शक्ती संपली की मात्र उतार हळूहळू न होता एकाएकी होतो. दीर्घकाळ टिकाव आणि अकस्मात पतन हे चित्र त्यामुळे असंभाव्य नाही. त्यात भर घालावयाची ती आषाढातील पावसाची आणि पन्हाळ्यापासून रात्रभर झालेल्या धावपळीची. गारठलेल्या व थकलेल्या देहात रक्त नीट गोठत नाही, ही गोष्ट आज आघातचिकित्सेत प्राथमिक समजली जाते. बाजीप्रभूंच्या मृत्यूत तलवारींइतकाच पावसाचाही वाटा असू शकेल. त्या खिंडीचे वर्णन करणारे लेखक पाऊस पार्श्वभूमीसाठी वापरतात. तो जखमेत पडत होता याची आठवण ते ठेवीत नाहीत.

७

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. साहित्यकृती हा शवविच्छेदनाचा अहवाल नव्हे. आपल्या नाट्यशास्त्राने रंगमंचावर वध दाखविणे वर्ज्य मानले. वीररसाची निष्पत्ती उत्साहातून होते, आतड्यांच्या वर्णनाने बीभत्स तेवढा जागा होतो. मग वीरकथनाला धमन्यांचा हिशेब का विचारावा?

याचे उत्तर असे की, हिशेब सर्वांना सारखाच विचारावयाचा नाही. पोवाडा व पुराणकथा यांचे सत्य निराळे आहे. परंतु ऐतिहासिक कादंबरी वाचकाला तिथी सांगते, पत्रव्यवहाराचा आधार देते, शस्त्रांची नावे बिनचूक योजते; दांडपट्टा आणि कट्यार यांतील भेद ती जाणते. दांडपट्टा कापतो, कट्यार भोसकते, आणि या दोन जखमांनी येणारे मृत्यू दोन प्रकारचे असतात, हे मात्र ती विसरते. शस्त्रागारात वास्तववादी आणि देहापाशी येताच संकेतवादी असा हा दुटप्पीपणा आहे. शिवाय त्यात रसहानीही आहे. जखम आणि मृत्यू यांच्यामधील काळ हाच वीराच्या निश्चयाचा काळ असतो. मृत्यू तत्काळ केला की हा काळ नाहीसा होतो; भाषणाने भरला की खोटा होतो. सुश्रुताच्या ‘कालांतरप्राणहर’ वर्गात मोडणारा, बाराव्या दिवशी धनुर्वाताने किंवा जखम चिघळून मरणारा शिपाई आपल्या वीरकथनात जवळजवळ नाहीच. युद्धात असे मरणारे थोडे नसतात.

जखमेच्या खुणेला साक्ष मानणारे एक स्थळ पानिपतच्या वृत्तांतात आहे. काशीराज याच्या हकीकतीत १७६१ च्या युद्धानंतर सदाशिवरावभाऊंच्या शिर नसलेल्या प्रेताची ओळख पटविताना ज्या चिन्हांचा उल्लेख येतो, त्यात मुझफ्फरखानाने १७५९ साली केलेल्या कट्यारीच्या वाराचा पाठीवरील व्रण आहे. चेहरा नाहीसा झाल्यावर माणसाचे चरित्र त्याच्या व्रणात उरते. एखाद्या कादंबरीकाराला यापरता सामर्थ्यवान तपशील कल्पूनही सुचला नसता. आणि तो एका कारकुनी बाण्याच्या वृत्तांतातून आला आहे.

सभासदाच्या अचूकपणाचे मूळही अशाच ठिकाणी असावे. अफझलखानाच्या प्रसंगानंतरच्या व्यवस्थेबद्दल तो लिहितो की, जे लोक कामास आले त्यांच्या मुलांचे चालविले, मुलगा नसेल तेथे पत्नीस अर्धे वेतन दिले, आणि जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. जखम पाहून पैसे देणाऱ्या राज्यात कोणाला तरी जखम खरोखर पाहावी लागते : तिची जागा, खोली आणि माणूस पुन्हा कामास येईल की नाही, हे सर्व. त्या दरबारात वाढलेल्या लेखकाच्या लेखणीत चरबीला चरबी म्हणण्याची सवय आली असल्यास नवल नाही. बखरीच्या भाषेची जी वाखाणणी आपण शैलीच्या नावाखाली करतो, तिच्यातील काही भाग या हिशेबी नजरेच्या खात्यावर जमा केला पाहिजे. तळगडाचा वेढा उठण्यास खान मेला एवढी वार्ता पुरली. त्या दिवशी पंचवीस होनांची जखम घेऊन घरी परतलेल्या माणसाची कथा सांगण्यास मात्र सभासदाची नजर लागेल, आणि ती मराठी कादंबरीने अद्याप आत्मसात करावयाची आहे.